एन्झाइमचं काम मोजायला यीस्टचा आरएनए का लागतो?

करोनाच्या साथीत आरटी-पीसीआर हा शब्द नाशिकच्या घराघरांत पोहोचला. जून २०२२ मध्ये पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला आपल्याकडे आपत्कालीन परवानगी मिळाली. पुढे २०२३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एमआरएनए लशींमागच्या संशोधनाला मिळालं आणि २०२४ चं मायक्रोआरएनएच्या शोधाला. त्यामुळे आरएनए हे नाव आता कुणाला नवं नाही. पण बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री घेतलेल्या मुलाच्या प्रोजेक्टची सामानाची यादी घरी आली, की तीतली एक ओळ आईवडिलांना बुचकळ्यात टाकते: यीस्ट आरएनए. बेकरीवाला पावात घालतो ते यीस्ट आणि लशीच्या बातम्यांतला आरएनए, या दोघांचं एका बाटलीत काय काम? आणि तो विकत आणून प्रयोगशाळेत त्याचे तुकडे करायचे, हा कसला अभ्यास?

एन्झाइम म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. ते डोळ्यांना दिसत नाही. ते किती आहे, जिवंत पेशीतल्यासारखं काम करतंय की निकामी झालंय, हे त्यानं केलेल्या कामावरूनच कळतं. आणि काम दाखवायचं तर त्याच्यापुढे काहीतरी ठेवावं लागतं. एन्झाइम ज्या पदार्थावर काम करतं त्याला सबस्ट्रेट म्हणतात. आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमांसाठी गेली शंभर वर्षं हा सबस्ट्रेट म्हणून यीस्टचा आरएनए वापरला जातो. तो निर्दोष नाही. पण त्याचे दोष नीट ठाऊक असतील तर त्याच्याइतका कामाचा पदार्थ दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

बाटलीत नेमकं असतं काय

आरएनए म्हणजे न्यूक्लिओटाइड नावाच्या लहान रेणूंची लांब साखळी. हे न्यूक्लिओटाइड चार प्रकारचे: ए, यू, जी आणि सी. डीएनएमधली माहिती वाचून प्रथिनं बनवण्याच्या कामात आरएनए लागतो, इतकं शाळेत शिकवलेलं असतं. लशीतला एमआरएनए हा संदेश नेणारा आरएनए. पेशीत मात्र त्याचं प्रमाण अगदी थोडं असतं. पेशीतला सुमारे ८० टक्के आरएनए रायबोसोमचा असतो, म्हणजे प्रथिनं जिथे बनतात त्या यंत्रणेचा भाग. सुमारे १५ टक्के ट्रान्सफर आरएनए असतो, म्हणजे प्रथिनांसाठी लागणारी अमिनो आम्लं रायबोसोमपर्यंत आणून देणारा. म्हणून यीस्ट आरएनएच्या बाटलीतली ती फिकट पिवळसर पावडर म्हणजे मुख्यतः रायबोसोमच्या आरएनएचे लहानमोठे तुकडे. त्यात ना विषाणू असतो, ना जिवंत यीस्ट.

यीस्ट आणि आरएनए यांचं नातं फार जुनं आहे. १८६९ मध्ये फ्रीडरिश मीशर यांनी पेशीच्या केंद्रकातून न्यूक्लिइन वेगळं केलं. त्यानंतरच्या काही दशकांत दोन पदार्थ शास्त्रज्ञांच्या हाताशी होते: वासराच्या थायमस ग्रंथीतून मिळणारं न्यूक्लिइक आम्ल आणि यीस्टमधून मिळणारं न्यूक्लिइक आम्ल. पहिलं प्राण्यांचं आणि दुसरं वनस्पतींचं, अशी समजूत बराच काळ होती. फीबस लेव्हीन यांनी १९०९ मध्ये यीस्टच्या आम्लात रायबोज ही साखर ओळखली आणि १९२९ मध्ये थायमसच्या आम्लात डीऑक्सिरायबोज. आज आपण ज्यांना आरएनए आणि डीएनए म्हणतो ते हेच दोन पदार्थ, आणि दोन्ही प्रत्येक पेशीत असतात, हे त्यानंतर हळूहळू उलगडलं. आरएनए हे नाव रूढ होण्याच्या आधीपासून तो यीस्टमधूनच काढला जात होता.

न दिसणारं काम मोजायचं कसं

आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमांना रायबोन्यूक्लिएज किंवा थोडक्यात आरएनेज म्हणतात. आपल्या स्वादुपिंडात, त्वचेवर, घामात, मातीतल्या जिवाणूंत, झाडांच्या मुळांत, सगळीकडे ती आहेत. ती किती जोरात काम करतात हे कसं ठरवायचं?

दळणाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. ती चांगली की वाईट हे बाहेरून बघून कळत नाही. ठरलेल्या वजनाची ज्वारी टाकायची, ठरलेला वेळ गिरणी चालवायची, जे बाहेर येईल ते चाळायचं आणि चाळणीखाली पडलेलं पीठ तोलायचं. इथे गिरणी म्हणजे एन्झाइम, ज्वारी म्हणजे यीस्टचा आरएनए आणि चाळणीचं काम करतं थंड ॲसिड. आरएनएच्या लांब साखळ्या थंड परक्लोरिक किंवा ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळून राहू शकत नाहीत, त्या साक्याच्या, म्हणजे गाळाच्या रूपात बाहेर पडतात. एन्झाइमनं केलेले बारीक तुकडे मात्र द्रावणातच राहतात. त्या द्रावणात किती तुकडे आहेत हे मोजलं, की एन्झाइमनं केलेलं काम कळलं.

मोजणीही सोपी आहे. आरएनए २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषून घेतो. जितके तुकडे जास्त, तितका प्रकाश जास्त शोषला जातो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचा आकडा तितका मोठा येतो.

टेबलावर हे कसं दिसतं

इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे, कारण सगळी खुबी बारकाव्यात आहे. यीस्ट आरएनएची पावडर पाण्यात टाकली की लगेच विरघळत नाही. बहुतेक बाटल्यांत ती आम्ल रूपात असते, त्यामुळे द्रावण आंबट होतं आणि पावडर ढेकळासारखी तळाशी बसते. मग सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत, ढवळत, पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, सातच्या आसपास आणायचा. हे हलक्या हातानं करावं लागतं. अल्कलीत आरएनए स्वतःहून तुटतो. त्याच्या साखरेवरचा जो जास्तीचा ऑक्सिजन डीएनएत नसतो, तोच त्याला इथे घातक ठरतो. थेंब जास्त पडले की एन्झाइम घालण्याआधीच तुमच्या ज्वारीचं पीठ झालेलं असतं.

पुढे बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), आरएनए आणि एन्झाइम ३७ अंशांवर, समजा, दहा मिनिटं ठेवायचे. घड्याळ बघून थंड ॲसिड घालायचं. ते पडताच स्वच्छ द्रावण दुधासारखं गढूळ होतं. तुटायचा राहिलेला आरएनए तो हाच. जिथे एन्झाइमनं भरपूर काम केलंय ती नळी त्या मानानं स्वच्छ दिसते. फरक इतका ठळक असतो की आकडा यायच्या आधीच कोणत्या नळीत काय झालंय याचा अंदाज येतो. नळ्या काही वेळ बर्फात ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या, वरचं निवळ द्रावण काढायचं, पातळ करून मोजायचं. मोजताना क्युव्हेट, म्हणजे द्रावण ठेवायची चौकोनी नळी, क्वार्ट्झची हवी. साध्या काचेतून हा प्रकाश पलीकडे जातच नाही.

सोबत एक ब्लँक नळी असते. तिच्यात आधी ॲसिड घालतात आणि एन्झाइम नंतर, म्हणजे एन्झाइमला कामाची संधीच मिळत नाही. ज्वारीत मुळातच थोडं पीठ मिसळलेलं असेल तर गिरणीला फुकटचं श्रेय मिळतं. बाजारातल्या यीस्ट आरएनएमध्ये असे आधीच तुटलेले तुकडे असतातच. ब्लँकचा आकडा वजा केला की ते श्रेय निघून जातं. ब्लँकच फार मोठा येत असेल तर आरएनए डायलिसिसनं (बारीक तुकडे पातळ पडद्यातून बाहेर जाऊ देऊन) किंवा अल्कोहोलमध्ये साका काढून आधी स्वच्छ करून घ्यावा. मी हा टप्पा कधीही गाळू देणार नाही. एक दिवस जास्त जातो, पण पुढचे सगळे आकडे विश्वासाचे होतात.

आणि हातमोजे घालायचेच. ते आरएनएला आपल्यापासून वाचवायला असतात, कारण त्वचेवरचं आरएनेज एका बोटाच्या स्पर्शानं नळीत उतरतं. हे एन्झाइम चिवट आहे. गुरांच्या स्वादुपिंडातलं आरएनेज ए उकळूनही मरत नाही. जिवाणूंमधला प्लाझ्मिड हा छोटा गोलाकार डीएनए काढणारे लोक तर आरएनेजचं द्रावण मुद्दाम उकळतात, म्हणजे त्यात चुकून आलेलं डीएनए तोडणारं एन्झाइम नष्ट होतं आणि आरएनेज शाबूत राहतं.

यीस्टच का, दुसरं काही का नाही

आरएनए प्रत्येक सजीवात आहे. पालकात आहे, बोकडाच्या कलेजीत आहे, द्राक्षातही आहे. मग यीस्टच का? पहिलं कारण प्रमाणाचं. वाळवलेल्या यीस्टच्या वजनात साधारण ६ ते १२ टक्के आरएनए असतो आणि डीएनए एक टक्क्याहूनही कमी. वेगानं वाढणाऱ्या पेशीला प्रथिनं झपाट्यानं बनवावी लागतात, त्यासाठी रायबोसोम भरपूर लागतात, आणि रायबोसोम म्हणजे बहुतांशी आरएनएच. दुसरं कारण किमतीचं. यीस्ट साखर कारखान्याच्या मळीवर टनावारी वाढवता येतं. टोरुला नावाचं यीस्ट तर कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातल्या साखरेवरही वाढतं. दोन्ही महायुद्धांच्या काळात जर्मनीत ते अन्न म्हणून वाढवलं गेलं होतं. प्रयोगशाळेतल्या अनेक बाटल्यांवर ‘टोरुला यीस्टपासून’ असं लिहिलेलं दिसतं, ते हेच.

कलेजीतून आरएनए काढायचा तर चरबी, भरपूर प्रथिनं, भरपूर डीएनए आणि पेशीतलीच आरएनेजं, या सगळ्यांशी झगडावं लागतं. पालकात हरितद्रव्य आणि फिनॉलयुक्त पदार्थ आडवे येतात.

मग वायनरीतला गाळ का नको?

नाशिकमध्ये हा प्रश्न पडायलाच हवा. गंगापूर धरणाच्या परिसरात, दिंडोरीकडे, विंचूरच्या वाइन पार्कात दर हंगामात द्राक्षाचा रस आंबतो आणि टाकीच्या तळाशी यीस्टचा जाड गाळ बसतो. पावातलं आणि वाइनमधलं यीस्ट एकाच जातीचं, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. आरएनए त्या गाळातही आहे. मग बाहेरून बाटली का मागवायची?

अडचण यीस्टच्या वयाची आहे. आंबवण संपताना साखर संपलेली असते, मद्यार्क वाढलेला असतो, पेशींची वाढ थांबलेली असते. वाढ थांबली की रायबोसोम कमी होतात आणि आरएनएही घटतो. त्यात मेलेल्या पेशी आपल्याच एन्झाइमांनी आतून विरघळू लागतात. त्यांची आरएनेजं त्यांचाच आरएनए तोडतात. स्पार्कलिंग वाइन महिनोन्‌महिने गाळावर ठेवतात तेव्हा हीच क्रिया चालू असते, आणि त्यातून सुटणारे पदार्थ वाइनच्या चवीत उतरतात. वाइनसाठी ही चांगली गोष्ट, सबस्ट्रेटसाठी नाही. शिवाय लाल वाइनच्या गाळात द्राक्षाच्या सालीचे टॅनिन यीस्टला चिकटलेले असतात आणि टॅनिन एन्झाइमांना निकामी करतात.

तरी एखाद्या विद्यार्थ्यानं आंबवण जोरात असतानाचा, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा पांढऱ्या वाइनचा नमुना घेऊन त्यातला आरएनए आणि तळाच्या गाळातला आरएनए यांची तुलना केली, तर तो नाशिकलाच शोभेल असा उत्तम प्रोजेक्ट होईल. ऑर्सिनॉलची हिरव्या रंगाची चाचणी बहुतेक कॉलेजांत होते. तेवढ्यावर सुरुवात करता येते.

अशा मिसळीवर शास्त्र उभं राहतं का

राहिलेलं आहे. १९२० मध्ये वॉल्टर जोन्स यांनी स्वादुपिंडात यीस्टचं न्यूक्लिइक आम्ल तोडणारा, उष्णतेला दाद न देणारा घटक असल्याचं दाखवलं. १९४० मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या मोझेस कुनिट्झ यांनी हे आरएनेज शुद्ध करून त्याचे स्फटिक मिळवले. १९४६ मध्ये त्यांनीच ते मोजण्याची पद्धत दिली. यीस्टचा आरएनए तुटत जातो तसा ३०० नॅनोमीटरला त्याचा शोषणांक (किती प्रकाश शोषला याचा आकडा) घसरत जातो, आणि ही घसरण किती वेगानं होते ते बघायचं. यात ॲसिडची गरज नाही, काम चालू असतानाच मोजता येतं. आजही आरएनेजच्या बाटलीवर कुनिट्झ युनिट लिहिलेली असतात.

पुढे ख्रिश्चन अॅनफिन्सेन यांनी याच आरएनेजला युरिया आणि मर्कॅप्टोइथेनॉल घालून पूर्ण उलगडलं, मग ती रसायनं काढून टाकली. एन्झाइमनं आपला आकार स्वतःहून परत घेतला. हे कळलं कशावरून? आरएनए तोडण्याची त्याची ताकद परत आली यावरून. प्रथिनाचा आकार त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच दडलेला असतो, या निष्कर्षासाठी त्यांना १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. इतक्या मूलभूत शोधाचा पुरावा एका साध्या चाचणीच्या आकड्यावर तोललेला होता, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

उलट्या बाजूनंही हेच नातं कामी आलं. रॉबर्ट हॉली यांनी सुमारे १४० किलो बेकरीच्या यीस्टमधून एक ग्रॅम अॅलनिन ट्रान्सफर आरएनए वेगळा केला. आरएनेज ए हे सी आणि यू नंतर तोडतं, तर बुरशीपासून मिळणारं आरएनेज टी-१ फक्त जी नंतर. या दोन एन्झाइमांनी केलेले तुकडे जुळवत त्यांनी १९६५ मध्ये त्या आरएनएमधल्या ७७ न्यूक्लिओटाइडांचा पूर्ण क्रम वाचला. १९६८ चं नोबेल त्यांना हरगोविंद खोराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्यासोबत मिळालं.

याचा आपल्याशी काय संबंध

चिप्स किंवा नूडल्सच्या पाकिटावर ६२७, ६३१ किंवा ६३५ हे आकडे दिसतात. हे स्वाद वाढवणारे न्यूक्लिओटाइड. ते बनवण्याची एक प्रस्थापित पद्धत म्हणजे यीस्टचा आरएनए घेऊन पेनिसिलियम बुरशीच्या न्यूक्लिएज पी-१ या एन्झाइमनं तो तोडायचा. म्हणजे बाटलीतलाच पदार्थ, फक्त टनांत.

दुसरा संबंध युरिक ॲसिडचा. आरएनएमधले ए आणि जी शरीरात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं, म्हणून यीस्ट किंवा बुरशी मुख्य अन्न म्हणून खायची तर तिच्यातला आरएनए आधी कमी करावा लागतो. परदेशात विकलं जाणारं बुरशीचं प्रथिन बनवताना ते काही वेळ साधारण ६५ अंशांवर तापवतात, म्हणजे बुरशीचीच आरएनेजं तिचा आरएनए तोडून बाहेर सोडतात. पावात यीस्ट फारच थोडं असतं, त्यामुळे पाव खाणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. प्रयोगशाळेतली पावडरही विषारी नाही. पण चाचणीतलं ॲसिड भाजतं, चष्मा आणि काळजी त्यासाठी हवी.

तिसरा संबंध शेतीचा, आणि मला तो सर्वात जवळचा वाटतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात येणाऱ्या टोमॅटोच्या पेशींना फॉस्फरस कमी पडला, की त्या आरएनेज बनवून बाहेर सोडतात. आरएनएच्या प्रत्येक दुव्यात फॉस्फरस असतो. मेलेल्या पेशींतला आरएनए तोडायचा आणि त्यातला फॉस्फरस मिळवायचा, अशी ही सोय आहे. फॉस्फरसविना वाढवलेल्या आणि नेहमीसारख्या वाढवलेल्या टोमॅटोच्या मुळांचा अर्क यीस्ट आरएनएवर घालून बघितला, तर हा फरक पदवीचा विद्यार्थीही मोजू शकतो.

जिथे यीस्टचा आरएनए चालत नाही

यीस्ट आरएनए ‘किती’ या प्रश्नाचं उत्तर चांगलं देतो, ‘नेमकं कुठे’ या प्रश्नाचं देत नाही. त्यात हजारो वेगवेगळ्या लांबीचे, वेगवेगळ्या क्रमांचे तुकडे आहेत. एन्झाइम कोणत्या दुव्यावर तोडतं हे शोधायचं असेल तर ठरावीक क्रमाचा, कृत्रिम आरएनए लागतो. फक्त आरएनए-डीएनए जोडीतला आरएनए तोडणारं आरएनेज एच यीस्ट आरएनएवर काहीच करून दाखवणार नाही. फक्त दुपदरी आरएनए कापणाऱ्या डायसर या एन्झाइमचंही तसंच. शून्य आकडा आला म्हणजे एन्झाइम मेलं असं नव्हे, समोर ठेवलेला पदार्थ चुकीचा असू शकतो.

फार थोड्या प्रमाणातलं आरएनेज पकडायचं असेल तर चमकणारे कृत्रिम सबस्ट्रेट मिळतात. ते तुटले की प्रकाश देतात, आणि कितीतरी पट संवेदनशील असतात. मग सगळीकडे तेच का वापरत नाहीत? ते महाग आहेत, त्यांना वेगळं यंत्र लागतं, आणि पन्नास नमुन्यांतून कोणत्यात आरएनेज भरपूर आहे एवढंच बघायचं असेल तर त्यांची गरज नसते. आधी यीस्ट आरएनएवर चाळून घ्यावं आणि निवडक दोन-चार नमुन्यांसाठी महागडा सबस्ट्रेट राखून ठेवावा.

आणखी एक मर्यादा हिशेबाची. बाटलीत रेणू नेमके किती, हे सांगता येत नाही, कारण प्रत्येकाची लांबी वेगळी. म्हणून प्रमाण मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहावं, मोल या रेणूंच्या संख्येच्या एककात नाही. आरएनए कमी घातला तर गिरणीत दाणे संपल्यासारखं होतं: जोरदार एन्झाइम आणि साधं एन्झाइम दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून वेळ आणि एन्झाइमचं प्रमाण बदलून, आकडा सरळ रेषेत वाढतो तेवढाच भाग वापरायचा.

एकाचं युनिट दुसऱ्याला का जुळत नाही

एका कंपनीचं आरएनेज दुसरीपेक्षा दुप्पट युनिटचं दिसलं म्हणून ते दुप्पट ताकदीचं ठरत नाही. कुनिट्झ युनिट पीएच ५ आणि २५ अंशांवर ठरलेलं आहे. ॲसिडच्या पद्धतीत बहुधा पीएच सातच्या वर आणि तापमान ३७ अंश असतं. यीस्ट आरएनएची बाटली बदलली तरी आकडा हलतो, कारण प्रत्येक लॉटमध्ये तुकड्यांची लांबी वेगळी असते. त्यामुळे प्रोजेक्टच्या वहीत नुसतं ‘युनिट’ लिहून भागत नाही. यीस्ट कोणतं, लॉट नंबर काय, आरएनए किती मिलिग्रॅम, पीएच, तापमान, मिनिटं, कोणतं ॲसिड आणि ब्लँकचा आकडा, हे सगळं त्याच पानावर हवं. आणि तुलना करायचे सगळे नमुने शक्यतो एकाच बाटलीतून, एकाच दिवशी लावावेत.